फ्रायडे नाइट लाइट्स : सामना शुक्रवारी, संसार आठवडाभर

टेक्ससमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या सरकारी हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि त्या संघाला नुकताच मिळालेला नवा कोच. एवढ्या भांडवलावर ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ पाच सीझन आणि ७६ भाग चालली. खेळावरच्या मालिकेत जे जे हवं असतं ते इथे भरपूर आहे: चुरशीचे सामने, दुखापती, ड्रेसिंग रूममधली भाषणं. पण ती पुन्हा बघावीशी वाटते ती कोच एरिक आणि टॅमी टेलर या नवराबायकोसाठी. शुक्रवारी रात्री मैदानावर काय होणार, हे इथे बहुतेक वेळा मंगळवारी-बुधवारीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ठरतं. दुसऱ्या सीझनचा मोठा भाग सोडला तर लेखकांनी हे सूत्र शेवटपर्यंत सुटू दिलेलं नाही.

मूळ आहे एका पुस्तकात. पत्रकार एच. जी. बिसिंजर यांनी टेक्ससच्या ओडेसा शहरात राहून पर्मियन हायस्कूलच्या संघाचा १९८८चा हंगाम जवळून पाहिला आणि १९९० साली त्यावर पुस्तक लिहिलं. २००४ मध्ये पीटर बर्ग यांनी त्यावर सिनेमा केला आणि पुढे त्यांनीच मालिकेची पायाभरणी केली. ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली; लेखनाची सूत्रं जेसन केटिम्स यांच्याकडे होती. पुस्तकातली माणसं मालिकेत नाहीत, गावही वेगळं. उचललाय तो फक्त ताण. सतरा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर अख्ख्या गावाने आपली इज्जत ठेवायची आणि हंगाम सरला की त्यांना विसरून पुढच्या पोरांकडे वळायचं, हा तो ताण.

हे सगळं वाढवून दाखवलंय असं वाटत असेल तर टेक्ससमधल्या ॲलन गावाच्या हायस्कूलचं स्टेडियम आठवावं. ते २०१२ मध्ये उघडलं, १८ हजार प्रेक्षक बसतात आणि बांधायला ६ कोटी डॉलर लागले. दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून ते काही काळ बंद ठेवावं लागलं, पण बांधायला पैसे मंजूर केले होते ते गावकऱ्यांनीच, मतदान करून. शुक्रवारची रात्र शाळांची, शनिवार कॉलेजांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा, ही वाटणी तिथे इतकी पक्की आहे की १९६१च्या एका केंद्रीय कायद्याने हंगामात शुक्रवारी संध्याकाळी व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणाला अटकाव केलाय. मालिकेच्या नावातले दिवे ते हेच, शुक्रवारचे.

आणखी एक नियम माहीत असला तर पहिल्या सीझनमधले शाळेतले प्रसंग नीट कळतात. टेक्ससमध्ये १९८४ पासून कायदा आहे की खेळाडू एखाद्या विषयात ७० गुणांच्या खाली गेला तर त्याला काही आठवडे सामन्यांत उतरता येत नाही. म्हणून टिम रिगिन्स या खेळाडूच्या इंग्रजीच्या पेपरची काळजी त्याच्यापेक्षा गावालाच जास्त, आणि शिक्षकांवर दडपण. १९८८ मध्ये पर्मियनला उपांत्य फेरीत हरवणाऱ्या डॅलसच्या कार्टर हायस्कूलचं विजेतेपद पुढे याच नियमापायी काढून घेतलं गेलं. वाद होता एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांचा. मालिकेत टॅमी शाळेची समुपदेशक आहे आणि तिचा नवरा कोच. एकाच मुलाची गुणपत्रिका दोघांच्या टेबलावर वेगवेगळ्या अर्थाने येते. त्यांच्या घरातल्या निम्म्या वादांचं मूळ तिथे आहे.

अमेरिकन फुटबॉल कधीच पाहिला नसेल तर सुरुवातीला गोंधळ होतो. त्यासाठी एवढं पुरे. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना किमान १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. सरकले की नवे चार, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊन, ६ गुण. त्यानंतर किकने १ गुण किंवा पुन्हा एंड झोन गाठून २. लांबून खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे ३. शेवटच्या मिनिटांत स्कोअरकडे बघताना हिशोब सोपा आहे: पिछाडी तीनपर्यंत असेल तर किकवर भागतं, चार किंवा जास्त असेल तर टचडाऊनच हवा. आणि हुकलेल्या पासनंतर घड्याळ थांबतं, म्हणून वीस सेकंदांतही दोन-तीन डाव होऊ शकतात. मालिका या दोन गोष्टींचा पुरेपूर, कधी कधी अतोनात, वापर करते.

क्वार्टरबॅक कोण, हे मात्र पहिल्या भागाआधीच समजून घ्यावं. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो, म्हणून सरावाचा बहुतेक वेळ पहिल्या क्वार्टरबॅकवर खर्च होतो आणि राखीव क्वार्टरबॅकच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पहिल्याच भागात जेसन स्ट्रीट हा गावाचा लाडका क्वार्टरबॅक जायबंदी होतो आणि मॅट सॅरासन नावाचा लाजरा मुलगा मैदानात ढकलला जातो. त्याचा पहिला पास स्वतःच्याच खेळाडूवर आदळतो. ही निव्वळ घबराट नाही, पुढच्या फळीबरोबर त्याने जवळपास सरावच केलेला नसतो.

स्ट्रीटची दुखापतही अभ्यासाने लिहिलेली आहे. त्याचा पास समोरचा खेळाडू झेलतो आणि स्ट्रीट त्याला अडवायला धावतो. क्वार्टरबॅकला टॅकल करायची सवय नसते, ते त्याचं कामच नव्हे. डोकं खाली घालून धडक दिली की मानेचा नैसर्गिक बाक सरळ होतो आणि सगळा आघात थेट मणक्यांवर जातो. डोक्याने धडक देण्यावर १९७६ मध्येच बंदी आली ती याच कारणाने. पुढच्या भागांत स्ट्रीटचे आईवडील कोचवरच दावा लावतात, कारण उपचारांचा खर्च त्यांना झेपणारा नाही आणि योग्य टॅकल शिकवलं नाही असा आरोप करता आला तरच भरपाई मिळण्याची शक्यता. ज्या मुलाला एरिकने लहानपणापासून घडवलं, त्याच्याच घरच्यांसमोर त्याला वकिलासह बसावं लागतं. इथे कुणीच खलनायक नाही, दोन्ही घरं बरोबर आहेत. म्हणूनच हे प्रसंग बघवत नाहीत.

चित्रीकरणाची पद्धत समजली की मालिका अशी का वाटते ते कळतं. सुपर १६ मिलिमीटर फिल्म, हातात धरलेले तीन कॅमेरे, आधी तालीम नाही, जमिनीवर उभं राहण्याच्या खुणा नाहीत. नटांनी प्रसंग खेळायचा, कॅमेऱ्यांनी त्यांना शोधायचं. ऑस्टिन आणि जवळच्या फ्लूगरव्हिल परिसरात, बहुतांशी खऱ्या जागांमध्ये शूटिंग झालं. टेलरांचं घर हे ऑस्टिनमधलं खरंखुरं घर आहे. त्यामुळे माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात, अर्धवट सोडतात, फ्रिज उघडता उघडता बोलतात. संवाद लिहिलेले असायचे, पण नटांना ते आपल्या शब्दांत फिरवायची मोकळीक होती. याची किंमतही आहे. कॅमेरा सतत हलतो, पहिले दोन-तीन भाग काहींना डोळ्यांना त्रास होतो. मोठ्या पडद्यापासून जरा लांब बसावं. टेक्ससचे उच्चार आणि एकावर एक बोलणं यामुळे इंग्रजी सबटायटल्स लावूनच बघावी; ‘यॉल’ म्हणजे ‘तुम्ही सगळे’, हे पहिल्या दहा मिनिटांत समजतंच.

आता टेलर घराबद्दल. कायल चँडलर आणि कॉनी ब्रिटन यांनी उभा केलेला संसार टिकतो, कारण तो बिघडवण्याचा स्वस्त मोह लेखकांनी टाळला. विवाहबाह्य प्रकरण नाही, घटस्फोटाची धमकी नाही. वाद असतो तो नेहमी एकाच प्रश्नाचा: कुणाच्या नोकरीसाठी कुणी किती वाकायचं. पहिल्या सीझनच्या शेवटी एरिकला ऑस्टिनमधल्या कॉलेजात मोठी संधी येते आणि टॅमी मुलगी ज्यूलीसह डिलनमध्येच राहते, तेव्हा ती गरोदर असते. तिसऱ्या सीझनमध्ये ती मुख्याध्यापिका होते आणि फुटबॉलच्या भल्यामोठ्या स्कोअरबोर्डसाठी जमलेल्या पैशाकडे बोट दाखवून विचारते की वर्गात खडू नाहीत तर हे कशाला. आता ती नवऱ्याची वरिष्ठ आहे, आणि ज्या वर्गणीदारांच्या मर्जीवर त्याची नोकरी टिकते त्यांच्याशीच तिला भांडायचंय. चौथ्या सीझनमध्ये एक विद्यार्थिनी गर्भपाताबद्दल तिच्याकडे सल्ला मागते, टॅमी नियमात राहून तिला सगळे पर्याय समजावते, आणि गाव तिच्यावर उठतं. माफीचा मजकूर समोर ठेवला जातो, ती तो वाचत नाही, आणि त्याची किंमत नोकरीत मोजते. मग पाचव्या सीझनमध्ये पहिल्यांदा मोठी संधी तिच्या दारात येते, तीही टेक्ससबाहेर, फिलाडेल्फियात.

या शेवटच्या टप्प्यातला एरिक बघण्यासारखा आहे. पोरांना चारित्र्य शिकवणारा हा माणूस बायकोच्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. विषय निघाला की खोलीतून उठून जातो, फोन घेतो, फाइल उघडतो. टॅमी त्याला जे ऐकवते त्यात आरडाओरडा नाही. इतकी वर्षं आपण दोघांनी तुझ्या नोकरीसाठी तडजोड केली, आता माझ्या नोकरीसाठी ती करायची निदान चर्चा तरी कर, एवढंच तिचं म्हणणं. पहिल्या सीझनपासूनचं प्रत्येक बिऱ्हाड, प्रत्येक ‘बघू नंतर’ त्या एका मागणीमागे उभं असतं. म्हणून पाचवा सीझन थेट बघू नये, त्याची निम्मी ताकद आधीच्या चार सीझनमध्ये साठलेली आहे. चँडलर यांना २०११चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी मिळाला आणि शेवटच्या भागाच्या लेखनासाठी केटिम्स यांना. ब्रिटन यांना दोन नामांकनांवर समाधान मानावं लागलं, ते चुकलंच.

बाकीची घरंही तितकीच बारकाईने उभी केली आहेत. मॅटची आजी स्मृतिभ्रंशाकडे झुकलेली, बाप इराकमध्ये सैन्यात, आई सोडून गेलेली. सोळा वर्षांचा पोरगा औषधं, बिलं, बर्गरच्या दुकानातली पाळी आणि क्वार्टरबॅकचं काम एकदम ओढतो. दुसऱ्या भागात एरिक रात्री त्याच्या घरी जातो, आजीला भेटतो आणि त्याला रिकाम्या स्टेडियमवर नेऊन मोठ्या आवाजात डाव पुकारायला लावतो. कोचिंगच्या दृष्टीने हे अचूक आहे. क्वार्टरबॅकचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर अकरा जण एकाच क्षणी सुटत नाहीत. पण घरात वर्षानुवर्षं दबकत बोलणाऱ्या मुलाला ओरडायला शिकवणं म्हणजे काय, हे आजीला पाहिल्यावरच समजतं. मैदानावरच्या चुकीचं कारण आधी घरात शोधायचं, ही या मालिकेची रीत.

चौथ्या सीझनचा पाचवा भाग, ‘द सन’ (म्हणजे मुलगा), स्वतंत्रपणे सांगायला हवा. ज्यांना काहीच आधी कळायला नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मॅटचे वडील इराकमध्ये मारले जातात. सगळे त्याला धीर देतात, शूर बापाचं कौतुक करतात, आणि मॅटला त्या माणसाबद्दल फक्त राग आहे. टेलरांच्या जेवणाच्या टेबलावर तो ताटातल्या पदार्थांवरून काहीतरी पुटपुटायला लागतो आणि बोलता बोलता फुटतो. आपण सगळा तिरस्कार बापाच्या नावे जमा करून ठेवला होता, म्हणजे आजीशी, मित्रांशी, ज्यूलीशी चांगलं वागता येईल; आता तो कुणावर काढायचा, असं त्याचं म्हणणं. टेबलावर कुणाकडेच उत्तर नसतं. एरिक त्याला चालत घरी सोडायला निघतो. अंत्यविधीला मॅट फावडं उचलतो आणि स्वतः माती लोटू लागतो. झॅक गिलफर्ड यांचं हे काम टेलिव्हिजनवरच्या तरुण नटांच्या उत्तम कामांत मोडतं. त्या भागात फुटबॉल जवळपास नाहीच.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. दुसरा सीझन सगळ्यात कच्चा. पहिल्याच भागात मॅटचा मित्र लॅन्ड्री आणि शाळेतली टायरा यांच्या हातून एक खून होतो आणि तो धागा नवव्या भागापर्यंत ओढला जातो. शेजारघरचा वाटावा असा लॅन्ड्री एकदम गुन्हेगारी मालिकेत जाऊन पडतो. जेसी प्लेमन्स जीव ओतून काम करतात, पण पाया चुकीचा असल्यावर ते तरी काय करणार. त्यात लेखकांच्या संपामुळे २२ ऐवजी १५ भागांवर सीझन थांबला. धागे लोंबकळत राहिले आणि सँटियागो नावाचं चांगलं उभं राहत असलेलं पात्र पुढे कुठेच दिसत नाही. तिसरा सीझन सरळ पुढच्या वर्षात सुरू होतो. तरी दुसरा सीझन पूर्ण वगळू नये. टॅमीचं बाळंतपण, एरिकची गैरहजेरी आणि स्मॅश विल्यम्स या खेळाडूच्या कॉलेज प्रवेशाची कथा तिसऱ्यात लागते. खुनाचे प्रसंग पळवत पुढे न्यावेत, बाकीचं बघावं.

मुलांच्या इयत्तांचा हिशोबही लागत नाही. काही जण हायस्कूलमध्ये गरजेपेक्षा जास्त वर्षं राहतात. सामने शेवटच्या डावावर सुटतात, जवळपास दरवेळी. खऱ्या टेक्ससमध्ये तगडे संघ हंगामातले बरेच सामने मोठ्या फरकाने जिंकतात आणि कोचच्या हाताखाली सहाय्यकांची फौज असते. इथे तीन-चार जणांवर काम भागवलंय. पहिल्या सीझनमध्ये सहाय्यक कोच मॅकच्या वर्णद्वेषी बोलण्यावरून काळे खेळाडू सराव सोडून निघून जातात, तो भाग धीटपणे लिहिलाय, पण त्याचा निकाल फार लवकर लावला.

तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मालिका जी उडी घेते, तिला मात्र तोड नाही. गावात दुसरी शाळा उघडते, हद्दी नव्याने आखल्या जातात, आणि चांगले खेळाडू जुन्या शाळेकडेच राहावेत म्हणून पैसेवाले नकाशावरच्या रेषा वाकवतात. ल्यूक कॅफर्टीच्या नावाची पत्रपेटी पश्चिम डिलनमध्ये लावलेली असते, घर मात्र पूर्वेला. हे उघडकीस आल्यावर त्याला ईस्ट डिलन या दुसऱ्या शाळेत जावं लागतं. एरिकही तिथेच फेकला जातो: गवत माजलेलं मैदान, जेमतेम साहित्य, आणि पोलिसांच्या तावडीत सापडून तुरुंगाऐवजी फुटबॉल पत्करलेला विन्स हॉवर्ड. पहिल्या सामन्यात पोरं इतकी रक्तबंबाळ होतात की एरिक मध्यंतरालाच सामना सोडून देतो. हा निर्णय त्याच्यावर बरेच भाग उलटत राहतो, कारण पोरांना ती दया वाटते. मायकल बी. जॉर्डन यांचा विन्स, त्याची व्यसनी आई आणि पुढे तुरुंगातून सुटून आलेला बाप यांनी मालिकेला दुसरं घर मिळतं. पाचव्या सीझनमध्ये बाप परस्पर कॉलेजांशी सौदे करू लागतो आणि विन्स बापाचं ऐकायचं की कोचचं यात चिरडतो, तेव्हा पहिल्या सीझनचं सूत्र नव्या जागी पुन्हा उभं राहतं. एवढ्या कच्च्या संघाने इतक्या झटपट वर चढणं पटत नाही, पण या तिघांच्या प्रसंगांपुढे ते माफ होतं.

वेळेचं गणित: एक भाग साधारण ४३ मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ५४ तास. सीझनचे भाग अनुक्रमे २२, १५, १३, १३, १३. आवडते की नाही हे ठरवायला पहिले चार भाग द्यावेत. पहिल्या सीझनचा विसावा भाग, ‘मड बाउल’, झाल्यावर शंका उरू नये: रसायनांच्या गळतीमुळे स्टेडियम बंद पडतं आणि उपांत्य सामना गुरांच्या कुरणात, धो धो पावसात, चिखलात खेळला जातो. घरात चौदाच्या पुढची मुलं असतील तर त्यांच्याबरोबर बसून बघावी. दारू आणि शरीरसंबंधांचे विषय येतात, पण टॅमी ज्यूलीशी त्याबद्दल दोनदा जे बोलते ते बऱ्याच घरांत अडलेलं बोलणं सुरू करून देईल.

शेवटचा भाग थकलेल्या रात्री लावू नये. त्यात अंतिम सामन्याचा शेवटचा पास हवेत असताना कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो. त्या वेळी स्कोअरबोर्ड शोधत बसू नये, चेहरेच बघावेत.